स्पॅनिश भाषिक रुग्णाचा ज्वर : शब्दपरिचय व प्रश्नपरीक्षा

नवज्वरात अभ्यंग, स्नान, दिवास्वाप, गुरु अन्न वर्ज्य. आमावस्थेत सरसकट शोधन वर्ज्य. हे नियम आपल्यापैकी प्रत्येकाने पदवीच्या वर्षांतच पाठ केलेले असतात. परंतु नियम पाळण्यासाठी प्रथम ज्वर आहे हे कळावे लागते, आणि दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न ही तिसरी परीक्षा आहे. रुग्णाची भाषाच वैद्यास येत नसेल तर ही तिसरी परीक्षा लंगडी पडते. पंचकर्मासाठी गोव्यात, पुण्यात वा केरळात येणाऱ्या परदेशी रुग्णांत स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया या देशांतील मंडळीही असतात. सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश ही त्यांची मातृभाषा. त्यांना इंग्लिश येतेच असे नाही. आणि आले तरी अंगात कसर भरल्यावर माणूस मातृभाषेत कण्हतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

प्रस्तुत लेखात संपूर्ण भाषा शिकविण्याचा आव नाही. ताप, थंडी, उष्णता, घाम एवढ्याच परिघातील शब्द येथे घेतले आहेत. अभ्यंगाच्या टेबलावर रुग्णास घेण्यापूर्वी एवढे शब्द कानास ओळखता आले पाहिजेत. बोलता आले नाहीत तरी चालेल, ओळखता आलेच पाहिजेत.

उच्चाराविषयी प्रारंभी दोन शब्द. स्पॅनिश स्वर मराठीप्रमाणेच स्वच्छ व एकसुरी आहेत. त, द, र यांचे उच्चार आपल्या दंत्य वर्णांजवळचे आहेत, त्यामुळे देवनागरीत ही भाषा इंग्लिशपेक्षा अधिक सुखाने लिहिता येते. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. काही शब्दांत स्पेनमधील बहुसंख्य लोक ‘थ’सारखा जो उच्चार करतात, तेथे लॅटिन अमेरिकेत ‘स’ येतो. एकाच शब्दाची ही दोन रूपे ऐकून दोन शब्द आहेत असा समज करून घेऊ नये.

ज्वरवाचक मुख्य शब्द दोन : ‘फ्येब्रे’ आणि ‘कालेन्तूरा’. फ्येब्रे हा सर्व देशांत चालणारा, वैद्यकात व घरात सारखाच वापरला जाणारा निःसंदिग्ध शब्द आहे. आपण बोलताना हाच वापरावा. कालेन्तूरा हा शब्द ‘काल्येन्ते’ म्हणजे उष्ण या विशेषणाच्या कुळातील. संताप हेच ज्वराचे आत्मलिंग मानणाऱ्या आपल्या शास्त्रास तो अधिक जवळचा वाटावा. एके काळी तो ग्रंथभाषेतही प्रतिष्ठित होता. आन्द्रेस पिकेर या वैद्याने 1751 साली व्हॅलेन्सियात प्रसिद्ध केलेल्या ज्वरविषयक ग्रंथाच्या नावात फ्येब्रे नाही, कालेन्तूराच आहे. मेक्सिकोत आजही आई मुलाच्या कपाळास हात लावून कालेन्तूरा आहे असेच म्हणते.

परंतु या शब्दाची एक फांदी दुसरीकडे वळली आहे. स्पेनमध्ये कालेन्तूरा म्हणजे ओठावर उठणारी पुळीही. तेथील रुग्ण ओठाकडे बोट दाखवून हा शब्द उच्चारील तेव्हा तो ज्वराविषयी बोलत असेलच असे नाही. हा अर्थ आपणास परका वाटू नये. माधवनिदानात ज्वरमुक्तीची लक्षणे सांगताना स्वेद, लाघव, शिरःकंडू, क्षवथु, अन्नाभिलाष यांच्या पंक्तीत मुखपाकही बसविला आहे. ज्वर आणि मुखाजवळील पाक यांचे नाते दोन्हीकडच्या निरीक्षकांस दिसले होते. फरक इतकाच की आपण त्यास लक्षण म्हटले, त्यांनी त्यास ज्वराचेच नाव दिले. ही पुळी मुख्यतः विषाणूजन्य असते व ज्वराविनाही उठते, हे आज आपण जाणतो. म्हणून कालेन्तूरा ऐकताच तापमापक लावून निर्णय करावा.

तिसरा अर्थ सांगण्यास थोडा संकोच वाटतो, पण न सांगितल्यास फजिती व्हायची. अनेक देशांच्या बोलीत कालेन्तूरा व काल्येन्ते हे दोन्ही शब्द कामोद्दीपनासाठी वापरतात. ‘एस्तोय काल्येन्ते’ याचा शब्दशः अर्थ ‘मी गरम आहे’ असा होत असला तरी सभ्य संभाषणात तो उच्चारावयाचा नाही. स्त्रीरुग्णास तर ‘तुम्ही गरम आहात का’ असा प्रश्न या शब्दाने चुकूनही विचारू नये.

मग विचारावे कसे? येथे क्रियापदाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म शब्दांत नसून क्रियापदांत आहे. मराठीत ज्वर, थंडी, तहान यांचा अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत बसतो : मला ताप आहे, मला थंडी वाजते, मला उकडते. स्पॅनिश माणूस हे सर्व ‘बाळगतो’. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे; त्याचे ‘मी’चे रूप ‘तेंगो’ व आदरार्थी ‘तुम्ही’चे रूप ‘त्येने’. तेंगो फ्येब्रे, मला ताप आहे. तेंगो फ्रीओ, मला थंडी वाजते. तेंगो कालोर, मला उकडते. तेंगो सेद, मला तहान लागली आहे. तेंगो आम्ब्रे, मला भूक लागली आहे. प्रश्न विचारताना तेंगोच्या जागी त्येने ठेवून स्वर चढविला की झाले : ‘त्येने फ्येब्रे?’ ‘त्येने सेद?’ ‘त्येने आम्ब्रे?’ एका क्रियापदाने संताप, शीत, तृष्णा आणि क्षुधा एवढी चौकशी पुरी होते. लंघन द्यावे की पेया, याचा विचार करण्यास यातून बरेच हाती लागते. ‘त्येनेस’ हे एकेरी रूप आहे. ते मुलांसाठी ठेवावे.

हवेविषयी बोलताना मात्र क्रियापद बदलते. ‘आसे कालोर’ म्हणजे हवेत उकाडा आहे, ‘आसे फ्रीओ’ म्हणजे हवेत गारठा आहे. वस्तूविषयी तिसरे : ‘एस्ता काल्येन्ते’, म्हणजे पाणी, तेल वा काढा गरम आहे. हा भेद व्यवहारात फार उपयोगाचा आहे. मे महिन्यात पणजीत बसलेला रुग्ण ‘आसे कालोर’ म्हणाला तर खिडकी उघडावी. ‘तेंगो कालोर’ म्हणाला तर हवा पाहावी आणि हातही पाहावा. ‘तेंगो फ्रीओ’ म्हणाला, आणि तेही मे महिन्यात, तर टेबल आवरून तापमापक आणावा. कारण बाहेर घामाच्या धारा लागल्या असता ज्यास थंडी वाजते त्याचा ज्वर चढत आहे, असेच प्रथम समजावे.

याच ठिकाणी ‘बोचोर्नो’ हा शब्द ऐकू येईल. लॅटिन अमेरिकेत अनेकवचनी ‘बोचोर्नोस’ आणि स्पेनमध्ये ‘सोफोकोस’ म्हणजे रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून उसळणारी उष्णतेची लाट. तो ज्वर नव्हे. एकवचनी बोचोर्नो हवेच्या कोंदट उकाड्यासही म्हणतात.

अल्प ज्वराचे शब्द

वैद्याच्या दृष्टीने खरा धोका मोठ्या ज्वरात नाही. फणफणलेला रुग्ण कोणत्याही भाषेत ओळखू येतो. धोका आहे तो आपण ज्यास कसर, कणकण म्हणतो त्या अवस्थेत. कारण तीच सामावस्थेची सुरुवात असते आणि त्याच दिवशी रुग्ण ठरलेल्या वेळेस अभ्यंगासाठी हजर होतो. स्पॅनिशमध्ये या अवस्थेस असलेले शब्द कोशातल्या फ्येब्रेच्या पानावर सापडत नाहीत.

पहिला शब्द ‘देसिमास’, स्पेनमध्ये ‘देथिमास’. अर्थ दशांश. ‘तेंगो देथिमास’ याचा शब्दार्थ ‘माझ्याजवळ दशांश आहेत’ असा विचित्र होतो. अभिप्राय असा की तापमापकाचा पारा 37 अंश सेल्सियसच्या वर काही दशांश गेला आहे. 37.3, 37.5 असा काही. यात ताप हा शब्दच नाही, त्यामुळे शब्दकोश उघडून बसणाऱ्यास यातून ज्वराची वार्ता लागणार नाही. औपचारिक वैद्यकीय शब्द ‘फेब्रीकुला’, म्हणजे लहानसा ज्वर.

दुसरा शब्द ‘देस्तेम्प्लादो’, स्त्रीलिंगी ‘देस्तेम्प्लादा’. अंग बिघडले आहे, किंचित शिरशिरी आहे, नाडी जराशी हलली आहे, ज्वर आहे की नाही सांगता येत नाही, अशी ही अवस्था. हा शब्द आयुर्वेदीयांनी मुद्दाम अभ्यासावा. त्याचे मूळ लॅटिन धातूत आहे; अर्थ, योग्य प्रमाणात मिसळणे. त्याच धातूपासून तेम्पेरातूरा म्हणजे तापमान, तेम्पेरामेंतो म्हणजे स्वभाव किंवा प्रकृती, आणि तेम्प्लादो म्हणजे कोमट, समशीतोष्ण हे शब्द आले. चार द्रवांच्या प्रमाणशीर मिश्रणावर आरोग्य अवलंबून आहे असे मानणाऱ्या ग्रीक-अरबी परंपरेचा हा अवशेष आहे. मिश्रण बिघडले की ‘देस्तेम्प्लान्सा’. त्या चार द्रवांची आपल्या त्रिदोषांशी एकास एक जोडी लावण्याचा मोह काही लेखकांस होतो. तो टाळावा, कारण आपला वात त्या यादीत कोठेच नीट बसत नाही. पण साम्य आणि वैषम्य या कल्पनेवर उभा असलेला शब्द स्पेनमधील सामान्य माणूस आजही सहज बोलतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तिसरा मेक्सिकोतील : ‘तेंगो एल क्वेर्पो कोर्तादो’. शब्दशः, माझे शरीर कापलेले आहे. घाबरून जखम शोधू नये. हा आपला अंगमर्द होय. ज्वराच्या पूर्वरूपात अंग मोडून येते तोच अनुभव.

ज्वराची चढ-उतार सांगणारी क्रियापदे मात्र मराठीसारखीच आहेत. ताप ‘सुबे’ म्हणजे चढतो, ‘बाखा’ म्हणजे उतरतो. हुडहुडीस ‘एस्कालोफ्रीओस’, कंपास ‘तेम्ब्लोर’, दाहास ‘आर्दोर’, गौरवास ‘पेसादेस’, स्वेदास ‘सुदोर’. स्वेदावरोध हे ज्वराच्या लक्षणत्रयींपैकी एक असल्यामुळे ‘सुदा?’, म्हणजे घाम येतो का, हा दोन अक्षरी प्रश्न अवश्य विचारावा. अर्जेंटिनात तीव्र ज्वराचा रुग्ण तापाने ‘उडतो’, स्पेनमध्ये ‘आर्दे’ म्हणजे जळतो. आपल्याकडे तो फणफणतो.

अंक

आपल्याकडे बहुसंख्य घरांत व दवाखान्यांत ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. स्पॅनिश भाषिक देशांत सेल्सियस चालते. ‘त्रेइन्ता इ ओचो इ मेद्यो’ म्हणजे साडेअडतीस, आपल्या मापाने 101.3. सदतीस म्हणजे 98.6, अडतीस म्हणजे 100.4, एकोणचाळीस म्हणजे 102.2 आणि ‘क्वारेन्ता’, चाळीस, म्हणजे 104. सदतीसचे 98.6 पाठ असले की पुढच्या प्रत्येक अंशास 1.8 मिळवीत जावे. कागद लागत नाही. स्पेनमधील लेखी नोंदीत दशांशचिन्ह टिंबाचे नसून स्वल्पविरामाचे असते, तेव्हा 37,5 हे साडेसदतीस वाचावे. ताप बहुधा काखेत मोजलेला असतो, हेही विचारून घ्यावे.

दिवसांची मोजदाद हा याहून नाजूक भाग आहे. तरुणज्वराची मर्यादा सामान्यतः सात दिवसांची धरतात. ‘देस्दे क्वान्दो?’ म्हणजे केव्हापासून, असे विचारल्यावर रुग्ण ‘ओचो दियास’, आठ दिवस, म्हणाला तर सात दिवस उलटले असा हिशेब लगेच करू नये. स्पॅनिशमध्ये आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि ‘किन्से दियास’, पंधरा दिवस, म्हणजे दोन आठवडे. आपणही ‘आठ दिवसांनी या’ असे सांगून रुग्णास पुढच्या त्याच वारी बोलावतो. आजचा दिवस धरून मोजण्याची ही जुनी रीत आहे. म्हणून वार किंवा तारीख विचारावी.

याच रीतीतून विषमज्वराची नावे उलगडतात. ‘तेर्सियाना’ म्हणजे तिसऱ्या दिवसाचा, ‘क्वार्ताना’ म्हणजे चौथ्या दिवसाचा ज्वर. आपले तृतीयक आणि चतुर्थक. तेर्सियानाचा वेग एक दिवस सोडून येतो, त्यास मराठीत एकांतरा ताप म्हणतात. क्वार्तानाचा दोन दिवस सोडून. वेगाचा दिवस धरून मोजल्याशिवाय तीन आणि चार हे अंक जुळतच नाहीत, आणि दोन्ही परंपरांनी तो धरूनच मोजला. आपण अन्येद्युष्क व सततक असे आणखी सूक्ष्म भेद केले.

हे शब्द स्पॅनिशमध्ये आता जुने झाले आहेत, आणि काही देशांतून तर रोगच हटला. हिवतापमुक्त देश म्हणून स्पेनची नोंद 1964 मध्ये झाली, पॅराग्वेची 2018 मध्ये, अर्जेंटिनाची 2019 मध्ये, एल साल्वादोरची 2021 मध्ये. आजचा शब्द ‘पालुदीस्मो’ किंवा ‘मालार्या’. त्या देशांतून आलेल्या तरुण प्रवाशाच्या मनात हिवतापाची शंकाही येत नाही. ती आपण घ्यावयाची आहे. भारतात फिरून आलेल्या कोणत्याही परदेशी रुग्णास ज्वर असेल तर हिवताप व डेंग्यू यांसाठी रक्ततपासणी प्रथम, चिकित्सेचा विचार नंतर. डेंग्यूस स्पॅनिशमध्ये ‘केब्रान्ताउएसोस’, हाडे मोडणारा, असे जुने लोकनाम आहे. अस्थिशूल सांगणारा रुग्ण ते उच्चारील तर थट्टा समजू नये. त्याच डासामुळे पीतज्वर पसरतो हे मत 1881 साली हवानातील कार्लोस फिनले या स्पॅनिश भाषिक वैद्याने मांडले होते.

हिवतापावरील जगप्रसिद्ध औषधही याच भाषेतून जगास मिळाले. आजच्या इक्वेडोरमधील लोहा प्रांतातील सिंकोना वृक्षास सतराव्या शतकातील स्पॅनिश लेखक ज्वरांचे झाड म्हणत, आणि तेथेही शब्द कालेन्तूराच. त्याच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले गेले ते 1820 मध्ये. उलट दिशेची वाटही आहे. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये आपल्या औषधींवर पोर्तुगीज ग्रंथ छापला, तोही गोव्यातच. त्याचा मोठा आधार घेऊन क्रिस्तोबाल द आकोस्ता याने 1578 मध्ये बुर्गोस येथे स्पॅनिश भाषेत पौर्वात्य औषधींचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आकोस्ताने गोवा व कोची स्वतः पाहिले होते. आपल्या वनस्पती स्पॅनिशमध्ये सांगण्याचा उद्योग असा साडेचारशे वर्षांचा जुना आहे.

घातक साम्ये

इंग्लिश येणाऱ्या वैद्यास काही स्पॅनिश शब्द ओळखीचे वाटतात. त्यातच अपघात होतो. ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ हे वाक्य स्पेनमधील रुग्णाच्या तोंडून आले तर त्याचा अर्थ मलावष्टंभ नाही, प्रतिश्याय आहे! मलावष्टंभास ‘एस्त्रेन्यिमियेंतो’ म्हणतात. इंग्लिशच्या भरवशावर अशा रुग्णास एरंडतेल वा त्रिवृत् दिले तर नवप्रतिश्यायात, कदाचित नवज्वरातही, विरेचन दिल्यासारखे होईल. घोटाळा अधिक वाढतो तो असा की लॅटिन अमेरिकेतील कित्येक देशांत कोन्स्तिपादो म्हणजे मलावष्टंभच. म्हणून देश विचारावा, आणि नाकाकडे व पोटाकडे बोट दाखवून खात्री करावी. सर्दीस निर्धोक शब्द ‘रेस्फ्रियादो’.

हा शब्दच्छल नव्हे. 1980 साली अमेरिकेत फ्लोरिडातील एका तरुणास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ म्हटले. त्यांच्या बोलीत याचा अर्थ काही खाण्यात येऊन बाधलेला. रुग्णालयात तो अमली पदार्थाचा अतिरेक असा घेतला गेला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. तरुण कायमचा पंगू झाला.

औषधालयवाल्या बंधूंसाठी

काढा, चूर्ण, अनुपान यांच्या सूचना लिहिताना पाण्याचे प्रकार नीट वेगळे करावेत. ‘आग्वा काल्येन्ते’ गरम पाणी, ‘आग्वा तीब्या’ कोमट पाणी, ‘आग्वा एर्वीदा’ उकळलेले पाणी. ज्वरात उष्णोदक किंवा षडंगोदक सांगताना उकळलेले हा शब्द हवाच. नुसते काल्येन्ते लिहिल्यास रुग्ण स्नानगृहातील गरम पाण्याने औषध घेईल. माठातले वा फ्रीजबाहेरचे साधे पाणी म्हणजे स्पेनमध्ये ‘आग्वा देल त्येम्पो’, लॅटिन अमेरिकेत ‘आल त्येम्पो’.

काल्येन्ते व फ्रीओ या जोडीविषयी एक इशारा. मेक्सिको व आसपासच्या देशांत अन्न, औषध व रोग यांची उष्ण आणि शीत अशी लोकपरंपरागत विभागणी आहे, आणि ती हातास लागणाऱ्या तापमानाची नाही, गुणाची आहे. ही कल्पना स्पॅनिश लोकांबरोबर गेली असे मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांचे मत. ती तेथील मूळ रहिवाशांचीच, असे मेक्सिकोचे इतिहासकार आल्फ्रेदो लोपेस आउस्तिन यांचे. वाद काहीही असो, उष्णवीर्य व शीतवीर्य समजावून सांगताना अशा रुग्णापुढे प्रस्तावना करावी लागत नाही. मात्र त्याच्या यादीतील उष्ण द्रव्य आपल्या निघंटूतही उष्णच असेल असे धरून चालू नये.

शेवटची बाब मात्रेची. इंग्लिशमध्ये ‘एकदा’ या अर्थी जो शब्द आपण वेष्टनावर छापतो, तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचतात आणि अर्थ होतो अकरा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषधदुकानांत संगणकाने भाषांतरित केलेल्या स्पॅनिश लेबलांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे निम्म्या लेबलांत चुका होत्या, आणि हा शब्द त्या घोटाळ्यांपैकी एक होता. वत्सनाभयुक्त ज्वरघ्न कल्प दिवसातून एकदा घेण्याऐवजी अकरा वेळा घेतला गेल्यास काय होईल हे वाचकांस सांगावयास नको. वेष्टनावर शब्दाऐवजी 1 हा अंक लिहावा, सूर्य व चंद्राचे चिन्ह काढावे, आणि रुग्णाकडून ती सूचना त्याच्या भाषेत एकदा वदवून घ्यावी. त्याने ‘उना वेस आल दिया’ म्हटले तर औषध हातात द्यावे.